जाम झालेला सांधा

डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला, तसा केरबा खुर्चीतून उठला आणि पडद्याला नाक टेकेल इतका जवळ जाऊन उभा राहिला. ऑपरेशन त्याच्या बायकोचं, तानाबाईचं झालं होतं. ती वरच्या मजल्यावर उजवा हात उशीवर ठेवून पडली होती. दुसरा कुणी नवरा असता तर आधी विचारलं असतं, दुखणं कधी थांबेल, घरी कधी सोडणार. केरबा स्क्रू मोजत होता. कोपराच्या वरच्या हाडाला दोन अंगांनी दोन पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्यांतून गेलेले स्क्रू पांढरेशुभ्र दिसत होते.

"डोक्याला बी आटे दिसत्यात," तो म्हणाला.

डॉक्टरांना मजा वाटली. स्क्रूचं डोकंही पट्टीच्या भोकात आट्यांनीच बसतं, त्यामुळे मागाहून सैल होत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. हाडाचे सात तुकडे झाले होते. ते जुळवायला कोपराचं टोक कापून बाजूला करावं लागलं, आणि मग ते टोक पुन्हा जागेवर ठेवून तारेनं आवळावं लागलं. धातू टायटॅनियम.

"म्हंजे वरनं दुसरा चेकनट आवळायची भानगडच न्हाई," केरबा म्हणाला. "कुणी डोकं लावून काढलंय, त्याला मानलं पायजे."

चौतीस वर्षं तो कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर होता. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गंजून एकजीव झालेले नट, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. त्याशिवाय बापाकडून आलेली दुसरी विद्या होती. रविवारी सकाळी त्याच्या दारात मुरगळलेले पाय आणि उतरलेले खांदे घेऊन माणसं बसायची. तालमीतली पोरं त्याला वस्ताद म्हणायची. घ्यायचा तो फक्त नारळ. कारखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रविवार काही निवृत्त झाला नव्हता.

तरीही त्याच्या बाजूनं एक सांगितलंच पाहिजे. संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी तानाबाई परसातल्या धुण्याच्या दगडापाशी साबणावरून घसरली आणि कोपरावर पडली, तेव्हा केरबानं हात नुसता बोटांनी चाचपला. आत खडी वाजल्यासारखं लागलं. तो लगेच म्हणाला, हे माझं काम नाही, आणि रिक्षा बोलावून तिला थेट दवाखान्यात आणलं. एवढी अक्कल त्याला होती. पुढं जे झालं ते अक्कल नव्हती म्हणून झालं नाही, जास्त होती म्हणून झालं.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं. हात आजपासूनच हलवायचा, कारण कोपर हा सगळ्यांत लवकर रुसणारा सांधा. पण हलवायचा तो मावशींनी स्वतः, थोडा थोडा. तेल नाही, मालिश नाही, दुसऱ्या कुणी धरून ओढायचं नाही. केरबानं तीनदा मान हलवली. मान हलवणाऱ्या माणसानं ऐकलंय असं समजणं ही डॉक्टर लोकांची जुनी चूक आहे. केरबानं दोनच गोष्टी घरी नेल्या. एक, आत धातू आहे. दोन, सांधा हलला पाहिजे.

तानाबाईच्या मनात वेगळंच चाललं होतं. दवाखान्यात पहिल्या दिवशी तिची मुलगी वर्षाराणी चमच्यानं भात भरवायला लागली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. चमचा डाव्या हातात घेतला, भिंतीकडं तोंड करून बसली, अर्धा भात चादरीवर सांडत जेवली. घरी आल्यावरही तेच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड, डाव्या हातात चमचा. कुणी आलं की ताट पदराखाली.

तिच्या सासूला अर्धांगवायू झाला होता, त्याला पंचवीस वर्षं झाली. तीन वर्षं तानाबाईनं तिला भरवलं. मनापासून भरवलं, पण घरात पोरगी शाळेला निघालेली, नवरा पाळीवर निघालेला, अशा घाईत कधी घास मोठा जायचा. कधी आधीचा गिळायच्या आत पुढचा तयार असायचा. म्हातारी नुसती बघायची. ते बघणं तानाबाईला आता आठवत होतं. आणि चारचौघांत डाव्या हातानं जेवायचं तर त्यापेक्षा उपाशी बरं, अशा घरात ती वाढली होती.

वर्षाराणीचा बावड्यातच नवा फ्लॅट होत होता. वास्तुशांत कार्तिकात करायची ठरली होती. हाताला पट्टा बांधलेला असतानाच एका संध्याकाळी तानाबाईनं जाहीर केलं.

"तुज्या वास्तुशांतीला मी पंगतीत बसून उजव्या हातानं जेवणार. न्हाईतर येनार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

वर्षाराणी हसली. आई नसलेली वास्तुशांत ती करणार होती का? पण तानाबाई हसली नाही, आणि केरबाही हसला नाही. काम कोणतं आणि मुदत कोणती, ते त्याला कळलं होतं.

सहा आठवड्यांनी हात छातीपर्यंत यायला लागला. दवाखान्यात व्यायाम घेणारी पूर्णिमा नावाची मुलगी होती, ती कोपर किती वाकतं ते बघायला दर खेपेला कोनमापक लावायची. पंच्याण्णव अंश झाले म्हणून तिनं तानाबाईची पाठ थोपटली. तोंडापर्यंत हात जायला एकशेतीस तरी लागतात, त्याला अजून चार-पाच महिने जातील, घाई करायची नाही, असं ती म्हणाली. केरबानं मनात हिशेब केला. सहा आठवड्यांत पंच्याण्णव, आणि पुढच्या पस्तिसाला पाच महिने? जाम झालेला एकही सांधा त्यानं कधी पाच महिने तसा ठेवला नव्हता. कारखान्यात पाच महिने लागतील असं बोलला असता तर साहेबांनी घरी पाठवलं असतं.

मार्चमधल्या एका दुपारी त्यानं वाटीत तीळतेल कोमट केलं आणि तानाबाईच्या पुढ्यात बसला.

"डॉक्टर नगं म्हणाल्यात न्हवं?" तिनं विचारलं.

"डॉक्टरला भ्या वाटतंय हाड मोडायचं. आता आत दोन पट्ट्या हाईत. हाडापेक्षा पक्क्या हाईत त्या. मी सोता बघिटलोय. काय व्हत न्हाई."

तिनं हात त्याच्या मांडीवर ठेवला. चाळीस वर्षं तिनं या माणसाच्या हाताखालून लोक लंगडत येताना आणि चालत जाताना पाहिले होते. वर्षाराणीचा लहानपणी उतरलेला खांदा त्यानंच बसवला होता. तिनं विश्वास ठेवला यात तिचं काहीच चुकलं नाही.

त्यानं तेल चोळलं, दंड एका हातानं धरला, मनगट दुसऱ्या हातानं धरलं, आणि नट सोडवताना लावतात तसा एकच नेमका जोर लावला. आत काहीतरी फाटलं. तानाबाईनं पदर दातात धरला. आणि तिची बोटं हनुवटीला लागली.

"बघ," केरबा म्हणाला. तो खरोखर आनंदानं हसत होता.

संध्याकाळपर्यंत कोपर सुजून टरारलं. त्यानं बर्फ लावला, हळद लावली. सूज आठवड्यानं उतरली, पण हात आता छातीपर्यंतही येईना. पोटाजवळ येऊन थांबायचा, आणि तिथं तो नुसता दुखत नव्हता, अडत होता. तीन आठवडे केरबा म्हणत राहिला की सूज आहे, जाईल. शेवटी तिनंच वर्षाराणीला फोन करून दवाखान्यात न्यायला सांगितलं.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे लावला. केरबा या वेळी खुर्चीतून उठला नाही, पण बसल्या जागेवरून त्याला दिसत होतं. पट्ट्या जागच्या जागी. एकही स्क्रू तसूभर हलला नव्हता. पण कोपराच्या पुढं, जिथं नुसतं मांस असायला हवं, तिथं पिंजलेल्या कापसासारखी पांढरी छाया होती.

कुणी चोळलं का, डॉक्टरांनी विचारलं.

"मीच जरा जोर केलो," तानाबाई म्हणाली.

केरबानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही. तो उभा राहिला.

"मी ओढलो. तेल लावून, दोनी हातांनी."

डॉक्टर ओरडले असते तर केरबाला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. मामा, तुमच्या पट्ट्यांना काही झालेलं नाही, असं म्हणून त्यांनी सावकाश सांगितलं. सांधा जाम झाला होता तो हाडामुळे नाही, भोवतीच्या मांसामुळे, आणि मांसाला पट्टी नसते. ते फाटलं, आत रक्त साचलं, आणि शरीरानं आपल्या समजुतीप्रमाणे तिथं हाड घालायला सुरुवात केली. कोपराच्या बाबतीत हे होतं, म्हणूनच तेल नको म्हणालो होतो. यंत्राचा सांधा आणि माणसाचा सांधा यांत एवढाच फरक आहे की माणसाचा सांधा ओढल्याचं लक्षात ठेवतो.

आता काय, हे वर्षाराणीनं विचारलं. आता थांबायचं, डॉक्टर म्हणाले. छाया पिकून घट्ट होऊ द्यायची. मग जमेल तेवढं व्यायामानं, आणि नाहीच जमलं तर वर्षभरानं दुसरं ऑपरेशन करून ते जादा हाड काढायचं. कोनमापक लावलं, तेव्हा सत्तर अंश भरले.

घरी आल्यावर वर्षाराणी चहा टाकायला आत गेली. तानाबाई कॉटवर बसली होती आणि केरबा दारात उभा होता.

"अवो, एक सांगतो. आजपासनं ह्या हाताला तुमी हात लावायचा न्हाई."

"बरं."

"रागानंच सांगतोय."

"बरं," केरबा म्हणाला.

पुढच्या रविवारी कबनूरहून एक जण पोरीचा सुजलेला हात घेऊन आला. केरबानं तिला जवळ बसवलं, हात न लावता नीट पाहिलं, आणि आधी एक्स-रे काढून या म्हणून दवाखान्याचा पत्ता दिला. माणूस घुटमळला. एवढ्या लांबून वस्तादाचं नाव ऐकून आलो, म्हणाला. केरबानं त्याला पाणी दिलं आणि पुन्हा तोच पत्ता सांगितला. असे चार-पाच रविवार गेले. मग गल्लीत बोललं जाऊ लागलं की वस्तादाचा हात गेला. ते केरबाच्या कानावर आलं. त्यानं ते खोडून काढलं नाही. मग रविवारी दार रिकामं राहायला लागलं, आणि त्या रिकाम्या सकाळी त्याला खरोखर जड गेल्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मे महिन्यात पूर्णिमानं एक साधन आणलं. दंडाला एक पट्टा, मनगटाजवळ एक पट्टा, कोपरापाशी बिजागरी, आणि दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आट्यांचा दांडा. मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं जवळ यायची आणि हात केसभर वाकायचा. केरबाच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच जीव आला.

"हे टर्नबकल हाय की," तो म्हणाला. "पाईप ताणायला आमी ह्येच लावत हुतो."

मग तुम्हाला कळेलच, पूर्णिमा म्हणाली. पाव फेरा फिरवायचा, ताण येईल तिथं थांबायचं, अर्धा तास तसंच बसायचं. दिवसातून तीन वेळा. डोळ्यांत पाणी येईल इतकं कधीच नाही. केरबानं सवयीनं नळीकडं हात नेला. पूर्णिमानं साधन हळूच तानाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"मामा, ज्याला दुखतंय त्यानंच फिरवायचं."

केरबानं हात मागं घेतला आणि दोन्ही पंजे काखेत घालून बसला. जरा वेळानं त्यानं विचारलं, आट्यांना तेलाचा थेंब सोडला तर चालेल का. दांड्याला सोडा, मावशींना नको, असं पूर्णिमा म्हणाली, आणि तानाबाई त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

तेव्हापासून घरात दिवसातून तीनदा एकच कार्यक्रम. तानाबाई खिडकीपाशी बसायची, साधन चढवायची, डाव्या हातानं नळी फिरवायची. केरबा समोर स्टुलावर, हात काखेत, नजर घड्याळावर. अर्धा तास झाला की म्हणायचा, झालं. एवढंच त्याचं काम. ती कधी फार थोडं फिरवायची, ते त्याला नळीच्या आवाजावरून कळायचं. तोंडावर यायचं की अजून पाव फेरा जाईल. तो ते गिळायचा. फिटरच्या आयुष्यात दुसऱ्यानं पाना चालवताना गप्प बसण्याइतकी मोठी शिक्षा नसते. ती त्यानं सहा महिने भोगली आणि एकदाही बायकोला सल्ला दिला नाही.

एकदाच बोलला. ऑगस्टमध्ये कोनमापकाचा काटा अठ्ठ्याण्णववर अडला आणि तीन आठवडे हलेना. एका दुपारी तानाबाईनं पट्टे सोडले आणि साधन कॉटवर टाकून दिलं.

"ऱ्हाऊ दे. डावा हाय की एक. न्हाई गेलो वास्तुशांतीला तर काय पोरगी घर मोडनार हाय?"

केरबा खाली बघतच म्हणाला,

"आटा मागं येत न्हाई, तानू. चौतीस वर्सं बघिटलोय. पाव फेरा का असंना, फिरवला की फुडंच जातोय. आपल्याला दिसत न्हाई एवडंच." आणि थोडं थांबून, "मला दम निघाला न्हाई, म्हणून ह्यो दिस आला. तुला तर निघतोय."

त्यानं तिची माफी मागितली ती एवढ्याच शब्दांत. तिला ती कळली. तिनं साधन परत चढवलं. वीस मिनिटं झाली तेव्हा तिनं आपणहून अजून पाव फेरा दिला, आणि केरबानं घड्याळाकडं बघत राहून डोळे पुसले.

ऑक्टोबर अखेरीला कोनमापकानं एकशेअठरा दाखवले. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला. छाया आता घट्ट झाली आहे, यापुढं नुसत्या व्यायामानं फार काही मिळायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसरं ऑपरेशन केलं तर कदाचित आणखी दहा-पंधरा अंश. एकशेअठरातही माणसाची बरीचशी कामं होतात. तानाबाईनं एकच विचारलं, तोंडाला? डॉक्टरांनी बोटांनी अंतर दाखवलं. चार बोटं कमी.

"आदी कार्तिक हू दे," ती म्हणाली. "मग तुमच्या ऑपरेशनाचं बघू."

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लावून जेवायला सुरुवात केली. आत काय चाललंय ते केरबानं विचारलं नाही. दार लावून जेवणारी बाई डाव्या हातानं जेवत असणार, असं त्यानं धरलं. वास्तुशांतीच्या दिवशी तिनं हिरवं इरकली लुगडं नेसायला घेतलं, तेव्हा त्याला काही उलगडेना. पण विचारायची हिंमत त्यानं केली नाही.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. पूजा उरकली आणि हॉलमध्ये सतरंजीवर पहिली पंगत बसली. तानाबाई मधोमध जाऊन बसली, केरबाच्या शेजारी. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. वर्षाराणीनं वाढता वाढता आईच्या ताटाशेजारी गुपचूप चमचा ठेवला. तानाबाईनं तो उचलून तिच्याच हातात परत दिला. पंगतीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. ज्यांनी ठरवून दुसरीकडं पाहिलं त्यांचंही लक्ष तिथंच होतं.

तिनं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि हात उचलला. हात हळूहळू वर आला, गळ्यापर्यंत आला, आणि अडला. केरबाला ठाऊक होतं तो कुठं अडणार. ती चार बोटं त्याची होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग तानाबाईनं मान खाली केली. घाई न करता, कुणाकडं न बघता, तिनं मान पुढं झुकवून तोंड घासापाशी नेलं आणि घास घेतला. हनुवटीवर आमटीचा ओघळ आला, तो डाव्या हाताच्या पाठीनं पुसला. परत तुकडा मोडला. दार लावून ती हे शिकली होती. पाचव्या-सहाव्या घासाला बायका पुन्हा बोलायला लागल्या, आणि कुणीतरी आमटी मागितली.

"जेवा की," ती केरबाला म्हणाली. "निवालंय सगळं."

तो जेवला. काय जेवला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. तिनं दुसरी पोळी मागून घेतली, आणि तीही शेवटपर्यंत खाल्ली.

पंगत उठायला लागली. वर्षाराणीनं म्हाताऱ्या माणसांच्या हातावर बसल्या जागीच पाणी घातलं. तानाबाईनं हात पुसले, उठायला गेली, पण गुडघे धरले होते. वर्षाराणी तांब्या ठेवून धावली. तिला तानाबाईनं नको म्हटलं. केरबा उठून उभाच होता. तिनं उजवा हात त्याच्यापुढं केला.

केरबानं आपली बोटं धोतराला पुसली. मग तिचा हात धरला. पाय सतरंजीवर घट्ट रोवले, श्वास रोखला, आणि हात तसूभरही ओढला नाही. तानाबाई त्याला धरून, आपल्या बळावर, सावकाश उठली.

"सोडा आता," ती म्हणाली.

त्यानं सोडला.